गारीगार घरचं, फळं बांधावरची

श्रावणात लिंबाला कुणी विचारत नाही. आंबे बहाराचा माल एकदम उतरतो, श्रीगोंद्याच्या बाजारात गोण्यांवर गोण्या चढतात आणि तोडणीची मजुरी तरी सुटेल का, या हिशोबात शेतकरी उभा असतो. चैत्र लागला की तेच लिंबू मोजून मिळतं. 2022 च्या एप्रिलमध्ये एकेका लिंबाला दहा-पंधरा रुपये पडत होते. दारावर टांगायच्या लिंबू-मिरचीचासुद्धा विचार करावा लागत होता. उन्हाळ्यात लिंबू हवं तर हस्त बहार धरावा लागतो. त्यासाठी भाद्रपदाच्या सुमारास झाडाला पाण्याचा ताण द्यायचा असतो, आणि आपल्याकडचा भरवशाचा पाऊस नेमका तेव्हाच येतो. ताण बसत नाही, फूल कमी लागतं आणि मार्च-एप्रिलमध्ये बाजारात लिंबू दिसेनासं होतं.

बहार धरणं स्वयंपाकघराच्या हातात नाही. पण जुलै-ऑगस्टमध्ये पाच किलो लिंबं आणून, हलक्या हातानं पिळून (साल दाबली की रस कडू होतो), गाळून तो रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवणं कुणालाही जमतं. एका खणात साधारण दोन लिंबांचा रस मावतो. खडे झाले की पिशवीत भरायचे, पिशवीतली हवा दाबून काढायची आणि तिच्यावर तारीख टाकायची. पुढच्या उन्हाळ्यात दर वेळी एकेक खडा काढायचा. या पुस्तकातल्या निम्म्याहून अधिक कृतींत लिंबू आहे, आणि ते लिंबू असंच श्रावणातलं आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं दिलेल्या ‘साई शरबती’ वाणाचं मिळालं तर उत्तमच. गावरान कागदी असेल तरी अडत नाही.

उन्हाळ्यात थंड काहीतरी करायचं म्हणून आपण उन्हाळ्यातच जागे होतो, हीच मूळ अडचण आहे. दुपारी दोन वाजता पोरं मागे लागतात, घरात एक कलिंगड असतं, ते मिक्सरमधून काढून साच्यात ओततो आणि संध्याकाळी हातात येतो लालसर बर्फ. पोरं दोनदा चोखतात, रंग नि गोडी ओढून घेतात आणि उरलेली पांढरी कांडी मोरीत टाकतात. मग दुसऱ्या दिवशी दुकानातल्या ‘पेप्सी’ला पैसे द्यावे लागतात. दोष कलिंगडाचा नाही, फ्रीजचाही नाही. कोणत्या फळात पाणी किती, साखर किती आणि गर किती, याचा अंदाज नसला की असं होतं. तो अंदाज आला की कृतींचं पुस्तक बाजूला ठेवता येईल. मला तेच हवं आहे, प्रकाशकांना चालेल की नाही ते त्यांनी पाहावं.

अहमदनगर, आता कागदोपत्री अहिल्यानगर आणि बोलताना आपलं नगर, हा क्षेत्रफळानं राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा. चौदा तालुके, आणि त्यांचं हवापाणी एकमेकांशी जुळत नाही. अकोल्याच्या डोंगरात कळसूबाईच्या पायथ्याशी पाऊस कोसळतो, तर पाथर्डी, कर्जत, जामखेडकडे टँकरची वाट पाहिली जाते. 1926 साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं आणि प्रवरेच्या कालव्यांवर संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरचा पट्टा भिजू लागला. श्रीरामपूरकडे एकेकाळी मोसंबीच्या बागांचं नाव होतं. पुढे उसानं ती जागा घेतली. 1950 साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्यानंतर तर जिल्ह्याची ओळखच उसाची झाली. पण फळं गेली नाहीत. राहात्याचा पेरू आहे, संगमनेर-राहात्याचं डाळिंब आहे, श्रीगोंद्याचं लिंबू आहे, माळरानावरचं सीताफळ आहे, बांधावरचा रायवळ आंबा आहे. आणि अकोल्याकडून भंडारदऱ्याला जाताना मे महिन्यात रस्त्याकडेला पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसलेल्या बाया आहेत.

यातलं सगळं उन्हाळ्यात येत नाही, म्हणून पुस्तकातली प्रकरणं महिन्यांप्रमाणे लावली आहेत. पेरूचा मुख्य हंगाम थंडीतला, मृग बहाराचा. सीताफळ दसरा-दिवाळीचं. दोन्हींचा गर काढून गोठवून ठेवावा लागतो. चिंच माघ-फाल्गुनात, कैरी चैत्रात, करवंदं वैशाखात, जांभळं पहिल्या पावसाच्या आगेमागे. जांभळाच्या वेळी उन्हाळा संपतच आलेला असतो, पण जांभळाची गोठवलेली वडी न देता हे पुस्तक संपवणं मला जमलं नाही.

आता थोडं विज्ञान. ते टाळून पुढे गेलात तर कृती फसेल आणि बोल मला लागेल.

पाणी शून्य अंशाला गोठतं, साखरेचं पाणी त्याच्या खाली. साखर जितकी जास्त, तितकं गोठणं लांबतं आणि गोठल्यावरही आत थोडा पाक पातळच राहतो. हा पातळ राहिलेला पाक बर्फाच्या स्फटिकांना एकमेकांना घट्ट चिकटू देत नाही, म्हणून कांडी दातांखाली मऊ तुटते. साखर कमी पडली की दगड होतो आणि फार झाली की रात्रभर ठेवूनही चिखलच राहतो. या दोन टोकांच्या मधली जागा म्हणजे शंभर भागांत वीस ते पंचवीस भाग साखर, तीही फळाची स्वतःची धरून. कलिंगडात ती आठ-दहा भाग असते, पेरूत दहा-बारा, डाळिंबात पंधराच्या आसपास, चांगल्या पिकल्या आंब्यात आणि नाशिककडच्या गोड द्राक्षांत सोळा ते वीस. उसाच्या रसाला तर बाहेरची साखर लागतच नाही. द्राक्षं धुऊन, पुसून, नुसती गोठवली तरी गोळीसारखी का खाता येतात आणि कलिंगडाचा बर्फ का होतो, हे एवढ्यावरून कळेल.

दुसरी गोष्ट जिभेची. थंड पदार्थ खाताना गोडी कमी लागते. म्हणून साच्यात ओतण्याआधीचं मिश्रण चाखून ‘जरा जास्तच गोड झालं’ असं वाटलं पाहिजे. तिथे हात आखडला की गोठल्यावर फिकं. चिमूटभर मीठ मात्र प्रत्येकात टाकायचं, त्यानं गोडी उठून येते.

तिसरी गोष्ट गराची. पेरूत पेक्टिन भरपूर, म्हणून त्याचा गर गोठला तरी मऊ राहतो, बर्फाळ होत नाही. आंब्याचंही तसंच. केळ्याचे काप गोठवून मिक्सरमधून फिरवले तर थेंबभर दूध न घालता आइस्क्रीमसारखा गोळा तयार होतो. ज्या फळात गर नाही, साखरही कमी आणि नुसता रस आहे, त्याला कांडीत कोंडू नये. पसरट थाळीत ओतावं, दर अर्ध्या तासानं काट्यानं खरवडावं आणि भुरभुरीत झालं की वाटीत घ्यावं. कलिंगडाचं प्रकरण म्हणूनच सगळ्यात छोटं आहे, आणि त्यात कांडी नाहीच.

मीठ आणि बर्फाचं गणित आपल्याला नवं नाही. फ्रीज नसलेल्या घरांनी ते पॉटमध्ये अनुभवलेलं आहे. लाकडी बादली, तिच्यात पत्र्याचा उभा डबा, वर दांडा. बर्फाची लादी कारखान्यातून बारदानात गुंडाळून, भुशात दाबून सायकलवर आणायची, अंगणात हातोडीनं फोडायची, डब्याभोवती बर्फाचा एक थर, त्यावर जाड्या मिठाची मूठ, पुन्हा बर्फ. तीन भाग बर्फाला एक भाग मीठ पडलं की ते मिश्रण शून्याखाली पंधरा-वीस अंशांपर्यंत उतरतं. बर्फ वितळायला लागते ती उष्णता तो डब्यातल्या आमरसातून ओढून घेतो. पहिली दहा मिनिटं दांडा हलका फिरतो, तेव्हा लहान पोरांची पाळी. जड झाला की मोठी माणसं, आणि शेवटी कुणीतरी बादलीवर गोणपाट टाकून बसायचंच. झाकण नीट बसलं नसेल तर मिठाचं पाणी आत शिरे आणि अख्खा घाणा खारट होई. अशा वेळी घरात जी शांतता पसरायची, ती अनुभवलेली माणसं अजून नगरमध्ये भेटतात. पॉटची एक कृती दिली आहे, कारण लग्नघरात पन्नास माणसांना पुरेल एवढं काही करायचं तर अजून दुसरा स्वस्त मार्ग नाही. एक सांभाळायचं: बर्फ खाण्याचा नसेल तर तो आत जाणार नाही याची काळजी घ्यावी. 2018 पासून अखाद्य बर्फाला निळसर रंग देणं बंधनकारक झालं आहे. निळा दिसला तर तो फक्त डब्याबाहेर. सरबतात टाकायचा बर्फ घरचाच.

नगरच्या लोकांनी गारव्यासाठी केलेल्या खटपटी पॉटपेक्षा कितीतरी जुन्या आहेत. निजामशाहीनं डोंगराकडून खापरी नळांनी शहरात पाणी आणलं, आणि 1583 मध्ये पुरा झालेला फराहबाग महाल तर चक्क तळ्याच्या मधोमध बांधला. कोरड्या हवेत पाण्यावरून येणारा वारा थंड लागतो. आपला माठ त्याच कारणानं गार होतो. मुंबईच्या दमट हवेत माठाचं फारसं चालत नाही. इथे एप्रिलच्या उन्हात, सावलीत ओलं फडकं गुंडाळून ठेवलेला माठ फ्रीजला लाजवतो. साच्यात ओतायचा रस आधी माठाशेजारी गार करून घ्या असं मी जागोजागी म्हटलं आहे, ते यामुळे. कोमट रस फ्रीजरमध्ये ठेवला की तो हळूहळू गोठतो आणि हळूहळू गोठलेल्या बर्फाचे खडे मोठे होतात.

खऱ्या बर्फाची गोष्ट तर आणखी गमतीची. 1833 साली अमेरिकेतल्या बोस्टनहून तळ्यांतला बर्फ जहाजात भुसा घालून कलकत्त्याला आला आणि पुढे मुंबईलाही येऊ लागला. त्याच बोस्टनच्या मिशन संस्थेची माणसं त्याआधी दोनच वर्षं, 1831 मध्ये, नगरला येऊन राहिली होती. शाळा काढल्या, छापील पुस्तकं आणली. पण आपल्या गावचा बर्फ काही त्यांना उन्हाळ्यात मिळाला नसावा. दौंड-मनमाड रेल्वे झाली 1878 मध्ये. तोवर मुंबईहून निघालेल्या लादीचं घाट चढेपर्यंत पाणीच झालं असतं. घरोघरी बर्फ यायला पुढची शंभर वर्षं लागली. गोदरेजचा पहिला भारतीय बनावटीचा फ्रीज 1958 चा, आणि खेड्यातल्या स्वयंपाकघरात तो पोचायला आणखी एक पिढी गेली.

त्या मधल्या काळात गारीगारवाला होता. सायकलच्या कॅरिअरला पेटी, हातात भोंगा, आणि उन्हाच्या वेळी नेमका शाळेसमोर. पैसे नसले तर भंगार चाले, पत्र्याचा डबा चाले, ओंजळभर ज्वारीही चाले. त्या लाल-पिवळ्या कांडीत फळाचा अंशही नसायचा. सॅकरीन आणि रंग. तरी तिची आठवण निघाली की पन्नाशीतली माणसं डोळे मिटतात. मी त्या कांडीला नावं ठेवणार नाही. घरची कांडी तिच्याहून चांगली असली पाहिजे, एवढंच.

रसवंतीचं एक वेगळं प्रकरण आहे. महाराष्ट्रभर रसवंतीगृहांवर ‘नवनाथ’ आणि ‘कानिफनाथ’ ही नावं दिसतात, कारण या धंद्यातली पुष्कळ मंडळी पुरंदर तालुक्यातली, तिथल्या कानिफनाथाची भक्त. पण कानिफनाथांची समाधी आपल्या पाथर्डी तालुक्यात, मढीला. होळी ते पाडव्याच्या दिवसांत तिथे यात्रा भरते आणि उन्हाळाही तिथूनच सुरू होतो. उसाचा रस घरी आणून गोठवायचा तर एक पथ्य पाळावं लागतं. रसाला हवा लागली की तो काळपटतो आणि त्याची चव उतरते. चरकात उसाबरोबर आलं आणि लिंबू घालून घ्या, किटलीत अजिबात बर्फ टाकू देऊ नका, घरी आणल्या आणल्या गाळून साच्यात ओता. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ गेला तर तो पिऊन टाकावा हे बरं.

डाळिंबावर मी सगळ्यात जास्त पानं खर्च केली आहेत, त्याचं कारण सांगायला हवं. बागेत माल उतरला की व्यापाऱ्याची प्रतवारी होते. मोठं, एकसारखं, डाग नसलेलं फळ पेटीत जातं. उन्हाच्या तडाख्यानंतर अवचित पाऊस झाला किंवा पाण्याची पाळी चुकली की फळ तडकतं. ते मागे राहतं. ज्याच्या सालीवर डाग आहे तेही मागे राहतं, बारीक राहिलेलंही. ‘भगवा’ असो की ‘मृदुला’, दोन्ही वाणं राहुरीच्या विद्यापीठाची, मागे राहिलेल्या फळातले दाणे पुष्कळदा पेटीतल्याइतकेच लाल असतात. बांधावर टाकून द्यायच्या या मालाला घरचा फ्रीजर हे चांगलं ठिकाण आहे, आणि ज्यांची बाग नाही त्यांना बाजारात तो निम्म्या भावात मिळतो.

फळ फोडताना नाकानं काम करावं. दाणे तपकिरी दिसले किंवा आंबूस वास आला तर अख्खं फळ टाकायचं, अर्धं वाचवायचा मोह नको. चांगले दाणे मिक्सरच्या भांड्यात घालून बटण दोनदा दाबायचं आणि सोडायचं, नुसतं दाबून धरायचं नाही. बी भरडली की रस तुरट-कडसर होतो. मग ओल्या मलमलच्या फडक्यातून गाळायचं. चोथा मुठीत धरून पिळताना मनगटापर्यंत लाल होतं, आणि तो डाग साडीवर पडला तर जात नाही, म्हणून जुना झगा घालूनच बसा. चार वाट्या रसाला पाऊण वाटी साखर, दोन खडे लिंबाच्या रसाचे, चिमूटभर काळं मीठ. साखर थोड्या रसात गरम करून विरघळवायची, सगळा रस तापवायचा नाही. तापवला की डाळिंबाचा ताजेपणा जातो आणि औषधासारखी चव येते. गार झालं की स्टीलच्या फुलपात्रांत ओतायचं. फुलपात्र भरायचं नाही, बोटभर जागा ठेवायची, कारण पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. दीड तासानं वर साय धरल्यासारखी झाली की आत काडी उभी राहते. आधी खोचली तर आडवी पडते.

फुलपात्रावरून आठवलं. बाजारात रंगीत प्लास्टिकचे साचे मिळतात, ते घेतलेच पाहिजेत असं नाही. धातूतून थंडी लवकर आत जाते, म्हणून स्टीलचा पेला, वाटी किंवा ॲल्युमिनियमचे कुल्फीचे साचे यांत मिश्रण लवकर आणि बारीक स्फटिकांत गोठतं. फक्त चिंच, कैरी, लिंबू असं आंबट असेल तर ॲल्युमिनियम नको, स्टीलच बरं.

राहात्याच्या पेरूचं एक सांगतो. तिथल्या बागांत बहुतेक दिसतो तो ‘सरदार’, ज्याला लखनौ-49 असंही म्हणतात. बी लखनौचं, निवड पुण्याच्या गणेशखिंडीतल्या बागेत डॉ. चिमा यांनी केलेली, आणि फळ पिकतं ते गोदावरीच्या कालव्यावर. डिसेंबरात पिकलेला, बोटाला किंचित दबणारा पेरू सालीसकट चिरून अगदी थोड्या पाण्यात दहा मिनिटं शिजवायचा आणि पुरणयंत्रातून काढायचा. बी वर राहते, लोण्यासारखा गर खाली. तो डब्यांत भरून गोठवा. एप्रिलमध्ये त्यात लिंबू, साखर आणि थोडी मिरपूड घालून कांडी करा, आणि खाताना टोकाला तिखट-मीठ लावा. शाळेबाहेर मिळायचा त्या पेरूची आठवण यातून जितकी येते तितकी नुसत्या गोडातून येत नाही. सीताफळाचा गर मात्र शिजवू नये, कडू होतो. करवंदाला चीक असतो. तो शिजवून घालवायचा.

लाईटचा प्रश्न आहेच. भारनियमन असेल, वादळी पावसात तार तुटली असेल, फ्रीजर चार-सहा तास बंद राहतो आणि कांड्या पाघळतात. पुन्हा गोठल्या की साखर तळाशी बसलेली असते आणि वरचा भाग नुसता बर्फ. यावर उपाय दोन. एक, फ्रीजरमधली रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरून टाकायची. भरलेला फ्रीजर रिकाम्यापेक्षा जास्त वेळ थंडी धरतो, आणि लाईट नसताना दार उघडायचं नाही. दोन, पाघळलेल्या कांड्यांचं मिश्रण थाळीत ओतून, खरवडून भुरा करायचा. त्यात काही बिघडत नाही. हे फक्त नुसत्या फळाच्या कांडीचं. दूध-साय घातलेली कुल्फी एकदा वितळली तर ती लगेच संपवावी किंवा टाकावी, पुन्हा गोठवू नये. या पुस्तकात दूध जवळजवळ नाही, त्याचं हे एक कारण. दुसरं कारण असं की दुधाच्या कुल्फीवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे.

मापं वाटीनं दिली आहेत. वाटी म्हणजे आमटीची वाटी, साधारण दीडशे मिलिलिटरची. साखरेच्या जागी गूळ चालेल का, हे विचारणारे खूप असतात: चिंच, कैरी आणि करवंद यांत चालतो, शोभतोही, डाळिंबात नको, रंग मरतो. मधुमेह असलेल्यांनी साखर काढून टाकून कांडी करू नये, दगड होईल. त्यांच्यासाठी पेरूचा नुसता गर गोठवून केलेल्या वड्या दिल्या आहेत, त्याही डॉक्टरांना विचारून, एकेकच. गार खाल्लं की सर्दी होते, ही आज्यांची तक्रार मी खोडायच्या भानगडीत पडलेलो नाही. सर्दी विषाणूनं होते, पण घामाघूम होऊन उन्हातून आलेल्या पोरानं आधी माठाचं पाणी प्यावं आणि मग कांडीला हात लावावा, हे त्यांचं म्हणणं मला तरी मान्य आहे.

राहिली शेवटची अडचण, कांडी साच्यातून काढायची. काडी धरून जोरात ओढली तर काडी हातात येते आणि कांडी आतच राहते. साचा नळाखाली धरावा. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी इतकं तापलेलं असतं की पाच सेकंद पुरतात. दहा धरलात तर डाळिंबाचं सरबत मिळेल, तेही वाईट नसतं.